संहिता घरीच ठेवा: मलावीच्या खेड्यात आरोग्याचं नाटक कसं उभं करायचं

आफ्रिकेतल्या मलावी देशात हिवताप झालेल्या लहान मुलाला जे औषध देतात, त्याला गावात सगळे नुसतं 'एलए' म्हणतात. तीन दिवस, दिवसातून दोनदा. अगदी लहान मुलाला दर वेळी एक, म्हणजे एकूण सहा गोळ्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, पोरगं कोंबड्यांमागं धावायला लागतं, आणि आई उरलेल्या दोन गोळ्या चितेंजेच्या, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या कापडाच्या टोकाला गाठ मारून ठेवते. धाकटीला ताप आला तर लागतील म्हणून. दवाखाना दोन तासांच्या चालीवर, आणि गेल्या खेपेला तिथल्या गोळ्या संपलेल्या होत्या.

'सगळ्या गोळ्या संपवा' हे वाक्य या आईला पाठ आहे. भिंतीवरच्या चित्रानं, रेडिओनं, नर्सनं, सगळ्यांनी ते तिला सांगितलेलं आहे. तरी ती दोन गोळ्या ठेवते, कारण तिच्यापुढं दोन मुलं आणि दोन तासांची वाट आहे. गावात आरोग्याचं नाटक करायचं ते हा हिशेब सगळ्यांसमोर मांडण्यासाठी. तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हणायचं असेल, तर नाटकाची गरज नाही.

मी महाराष्ट्रात पथनाट्यं करत होते. नंतर दोन कोरडे हंगाम दक्षिण मलावीत एका स्थानिक नाट्यगटाची मदतनीस म्हणून राहिले. आपल्याकडचे डॉक्टर, परिचारिका, समाजकार्याचे विद्यार्थी आणि नाटकवाली मुलं कामासाठी आफ्रिकेत जातात, त्यांच्यातल्या पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. बहुतेक उदाहरणं मलावीची आहेत, कारण तेच मला माहीत आहे. दुसऱ्या देशात जाल तर पायऱ्या याच राहतील, तपशील मात्र तिथले शोधावे लागतील.

आधी थोडं मागचं

ही वाट नवी नाही, आणि आधी चाललेल्यांच्या चुका माहीत असल्या तर आपलं एक वर्ष वाचतं. १९७४ मध्ये बोट्स्वानाच्या उत्तरेला, बोकालाका भागात 'लाएद्झा बातानानी' नावाची मोहीम सुरू झाली. नावाचा अर्थ साधारण 'उजाडलंय, चला एकत्र येऊ'. पुढारी, शिक्षक आणि सरकारी खात्यांचे गावोगाव फिरणारे विस्तार कार्यकर्ते एकत्र बसून गावाचे प्रश्न निवडत, त्यावर नाटक, गाणी, बाहुल्या असा खेळ बसवत, गावोगाव करत आणि खेळ संपल्यावर लोकांचे गट पाडून चर्चा घेत. पुढं आफ्रिकेत ठिकठिकाणी हीच घडी उचलली गेली. त्या मोहिमेतल्या रॉस किड आणि मार्टिन बायरम यांनीच काही वर्षांनी आपल्या कामाची कठोर तपासणी केली. प्रश्न कोणी निवडले? अधिकाऱ्यांनी आणि गावातल्या वजनदार माणसांनी. मग नाटकातून निघणारा अर्थ काय? की दोष गावकऱ्यांच्या सवयींचा आहे. गरिबी, खाणीत कामाला गेलेले पुरुष, अपुऱ्या सोयी हे सगळं मागं पडलं.

टांझानियात पेनिना म्लामा, अमांदिना लिहांबा वगैरे मंडळींनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला माल्या गावात उलट बाजूनं सुरुवात केली. बाहेरचा गट नाटक आणत नाही. गावच आपला प्रश्न निवडतं आणि आपल्या नाचगाण्यात तो मांडतं. बुर्किना फासोमध्ये प्रॉस्पेर कोंपाओरे यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या 'आतलिए तेआत्र बुर्किनाबे' या गटानं मंच-नाट्य रुजवलं. प्रसंग अडचणीच्या टोकाला आणून थांबवायचा, प्रेक्षकानं उठून पात्राची जागा घ्यायची आणि दुसरा मार्ग करून दाखवायचा. ही पद्धत मुळात ब्राझीलच्या आऊगुस्तो बोआल यांची. पण ज्या समाजात गोष्ट ऐकणारा गप्प बसत नाही, तिथं ती परकी वाटत नाही. मलावीतल्या चिचेवा भाषेत गोष्ट सांगणारा मध्येच थांबतो, तेव्हा ऐकणारे 'टिली टोन्से' म्हणतात, म्हणजे 'आम्ही सगळे आहोत'. आपल्याकडं गाडगेबाबा कीर्तनात समोरच्याला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढत. तुम्हाला सोबत काही न्यायचंच असेल तर ती रीत न्या, घोषणा नकोत.

पहिली पायरी: गावाच्या आधी दवाखाना

ज्या गोष्टीची सोय दोन तासांच्या चालीत नाही, ती गोष्ट नाटकात मागू नका. मच्छरदाणी वापरा म्हणायचं आणि वाटप वर्षभर झालेलं नाही. चाचणी करून घ्या म्हणायचं आणि दवाखान्यात चाचणीच्या पट्ट्या नाहीत. असं झालं की लोकांचा विश्वास नाटकावरून उडतो आणि आरोग्यसेवकावरूनही. म्हणून आधी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात जा. साठा काय आहे, पुढच्या तीन महिन्यांत काय येणार आहे, लसीकरणाचे दिवस कोणते, हे वहीत लिहून घ्या.

मग एचएसए गाठा. हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट हा मलावीतला गावपातळीवरचा पगारी आरोग्य कर्मचारी. साधारण १,००० लोकांमागं एक असावा असं सरकारी धोरण आहे, प्रत्यक्षात एकेकाकडं त्याहून बरीच जास्त माणसं असतात. तो सायकलवर फिरतो, लसी देतो, शौचालयं मोजतो, साथीची खबर वर कळवतो. तुम्ही निघून गेल्यावर लोकांच्या प्रश्नांना तोंड त्यालाच द्यायचं आहे. त्याला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. नाटकातला प्रत्येक वैद्यकीय शब्द त्याच्या नजरेखालून गेला पाहिजे.

कायद्याच्या आणि प्रशासनाच्या परवानग्याही याच टप्प्यावर घ्या आणि त्यांना वरवरचं काम समजू नका. केन्यात कामिरिथू गावच्या शेतकऱ्या-कामगारांनी न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांच्यासोबत १९७७ मध्ये गिकुयू भाषेत नाटक उभं केलं. त्याच नोव्हेंबरात परवाना रद्द झाला, वर्ष संपता संपता न्गुगी वा थिओंगो यांना स्थानबद्ध केलं गेलं, आणि १९८२ मध्ये गावानं उभारलेलं नाट्यगृहच पाडून टाकलं. तो विषय आरोग्याचा नव्हता. पण गोळ्या का संपल्या हा प्रश्नही चारशे माणसांत विचारला की अधिकाऱ्याला टोचतो. त्याचा त्रास परदेशी पाहुण्याला होत नाही, स्थानिक नटाला होतो. त्याच्या बाजूनं विचार करून पावलं टाका.

दुसरी पायरी: हंगाम पाहून तारीख

मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. हिवताप पावसात वाढतो, कॉलराही बहुधा याच दिवसांत डोकं वर काढतो, आणि जानेवारी ते मार्च हे घरातला मका संपलेले उपासाचे महिने. तेव्हा कोणी तीन तास बसून नाटक पाहत नाही, आणि पाहावं अशी अपेक्षाही करू नये. पीक घरात आल्यावर, जून ते ऑक्टोबर हा काळ चांगला. हिवतापावरचा खेळ सप्टेंबर-ऑक्टोबरात ठेवा, म्हणजे पहिला डास चावेल तेव्हा आठवण ताजी असेल.

कॉलराची साथ चालू असताना गर्दी जमवू नका. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या साथीत मलावीत १,७०० हून जास्त माणसं गेली. अशा वेळी नाटकाचा गट घरोघर दोघादोघांनी जाऊन क्षारसंजीवनी कशी कालवायची ते करून दाखवू शकतो. मैदान मात्र रिकामं राहू द्या.

आणि गावात मयत झाली तर खेळ पुढं ढकला. मालिरोला, म्हणजे अंत्यविधीला, सगळं गाव काम टाकून जातं. अशा दिवशी ढोल वाजवला तर त्या गावात पुन्हा जाऊ नये हे बरं.

तिसरी पायरी: गावात शिरणं

गावप्रमुखाला म्फुमु म्हणतात. त्याच्याकडं एचएसए आणि गावच्या आरोग्य समितीचा एखादा सदस्य घेऊन जा, एकटे जाऊ नका. अंगणाच्या कडेला थांबून 'ओडी' म्हणा, आत बोलावल्यावरच पुढं व्हा. पुरुषांना खुर्ची आणि बायकांना चटई मिळते. दिली जाईल तिथं बसा. 'मुली ब्वांजी', म्हणजे 'कसे आहात', इथपासून सुरू होणारी विचारपूस पूर्ण होऊ द्या. आल्याबरोबर कामाचं बोलणं तिथं उद्धटपणा समजतात, आणि आपल्याही गावाकडं तो तसाच समजला जातो.

काय सांगायचं? इतकंच, की मुलांच्या तापाबद्दल लोकांकडून ऐकायचं आहे आणि त्यातून गावातल्याच मुलामुलींसोबत एक खेळ करायचा आहे. काय देणार हे विचारलं जाईल, आणि विचारणं रास्तच आहे. टी-शर्ट, साबण, पैसे काहीही कबूल करू नका. तालमीच्या दिवशी नटांचं जेवण आणि दिवसभराचा मोबदला किती, हे मात्र म्फुमु आणि समितीसमोर मोठ्यानं ठरवा. झाकून दिलेले पैसे गट फोडतात.

अफवांचा इतिहासही माहीत असू द्या. २०१७ मध्ये दक्षिणेला मुलांजे आणि फालोम्बे भागांत 'रक्त शोषणारे फिरताहेत' अशी आवई उठली. जमावानं माणसं मारली, आणि संयुक्त राष्ट्रांनी तिथून आपले कर्मचारी हलवले. हिवतापाच्या चाचणीत बोट टोचून रक्ताचा थेंब घेतात. अनोळखी गट संध्याकाळी आला आणि मैदानात पोराच्या बोटातून रक्त काढण्याचा प्रसंग केला, तर काय होईल ते ओळखा. हा प्रसंग ओळखीच्या एचएसएनं, दिवसाउजेडी, स्वतःच्या बोटावर करून दाखवावा. शेजारच्या मोझांबिकमध्ये, नांपुला प्रांतात, 'क्लोरो' म्हणजे क्लोरीन आणि 'कोलेरा' हे शब्द कानाला जवळचे. विहिरीत क्लोरीन टाकणारेच कॉलरा टाकतात असा समज तिथं पसरला आणि आरोग्य कार्यकर्त्यांवर जीवघेणे हल्ले झाले. नाटकातला एकेक शब्द स्थानिक माणसाच्या कानाला कसा लागतो, हे आधी मोठ्यानं म्हणून तपासायचं ते यासाठी.

चौथी पायरी: चार दिवस फक्त ऐका

नवखे हीच पायरी गाळतात. बाहेरून संहिता लिहून आणतात, दुभाष्याकडून ती चिचेवात करून घेतात आणि तालमीला लागतात. मीही आणली होती. तिच्यात एक सासू होती, आणि ती सुनेला तापलेलं मूल दवाखान्यात नेऊ देत नव्हती. महाराष्ट्रात हा प्रसंग कुठंही चालतो. पहिल्या तालमीला बसलेल्या बायकांनी शेवटपर्यंत पाहिला आणि एकीनं विचारलं, 'ही बाई दुसऱ्याच्या घरात का राहते?'

दक्षिण आणि मध्य मलावीतल्या चेवा, याओ, लोम्वे या समाजांत कूळ आईकडून चालतं आणि लग्नानंतर बहुधा नवराच बायकोच्या गावी येतो. बाई आपल्या आईजवळ, बहिणींजवळ राहते. तिच्या पोरांच्या बाबतीत मोठा निर्णय असला की तिच्या भावाचं, म्हणजे मुलांच्या मामाचं, मालुमेचं वजन असतं. नवरा त्या घरात पाहुण्यासारखा, काही गोष्टींत गप्प राहणारा. माझ्या संहितेतलं अख्खं भांडणच त्या गावात अस्तित्वात नव्हतं. खरी अडचण निघाली ती अशी: मूल रात्री तापतं, सायकल मामाची, मामा दुसऱ्या गावी, आणि बाप ती सायकल न विचारता घेऊ शकत नाही. हे मला कुठल्याही पुस्तकातून सुचलं नसतं. आणि त्याच देशात उत्तरेला तुंबुका आणि न्गोनी लोकांत कूळ बापाकडून चालतं, मुलीसाठी लोबोला, म्हणजे वधूमूल्य, देतात. तिथं चित्र पुन्हा बदलतं. म्हणून गाव बदललं की ऐकणं पुन्हा सुरू करायचं.

ऐकायचं कसं? पहिल्या दिवशी गावातून चाला: विहीर किंवा हातपंप, नदीचा धुण्याचा काठ, गिरणी, किराणा दुकान, मशीद किंवा चर्च, आणि दवाखान्याची वाट शेवटपर्यंत. ती वाट मूल पाठीवर बांधलेल्या बाईच्या चालीनं चाला आणि वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी बायका, पुरुष आणि तरुण मुलंमुली यांच्याशी वेगवेगळं बसा. एकत्र बसलात तर दोन-तीन म्हाताऱ्या पुरुषांचंच ऐकायला मिळेल. बायकांच्या बैठकीला स्त्री कार्यकर्तीच हवी. जमिनीवर काठीनं गावाचा नकाशा काढायला सांगा, शेंगदाणे आणि बिया ठेवून घरं, पाणी, आजारी पडलेली मुलं दाखवू द्या.

'तुमच्या समस्या काय' असं विचारू नका. त्याचं ठरलेलं उत्तर येतं, आणि प्रत्येक पाहुण्याला तेच मिळतं. 'मागच्या वेळी घरात मूल आजारी पडलं तेव्हा पहिल्या रात्रीपासून काय काय झालं, ते सांगा' असं विचारा. गोष्ट येते. त्या गोष्टीत कोण उठलं, कोणाला विचारलं, पैसे कुठून आले, कुठं अडलं हे सगळं असतं. संध्याकाळी नटांनी या गोष्टी एकमेकांना करून दाखवायच्या. नाटक तिथंच तयार होऊ लागतं.

नावं आणि ओळखता येतील अशा खुणा मात्र बदला. गावात दोनशे घरं असली तरी 'कोपऱ्यावरच्या घरातली, जिची जुळी गेली' एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं. तीन घरांच्या गोष्टी मिसळून एक पात्र करा.

पाचवी पायरी: एक आजार, एक निर्णय

हिवताप, अतिसार, कुटुंबनियोजन आणि स्वच्छता एकाच खेळात कोंबलं की काहीच उरत नाही. देणगीदार कार्यालयाला यादी आवडते. त्यांना समजावून सांगा, आणि नाहीच ऐकलं तर चार वेगळे खेळ करा. एका खेळात एक माणूस एका निर्णयापाशी अडलेला असावा. आमच्या खेळात तो निर्णय होता: उरलेल्या दोन गोळ्यांचं काय करायचं?

तीन छोटे प्रसंग. पहिल्यात थोरल्याला रात्री ताप, सायकलीसाठी धावाधाव, दवाखाना, सहा गोळ्या. दुसऱ्यात दुसरा दिवस, पोरगं खेळतंय, आई गाठ बांधते, आणि तिची आई म्हणते, 'शहाणी आहेस.' तिसऱ्यात महिन्यानंतर धाकटी तापते, आणि आई गाठ सोडायला लागते. खेळ इथं थांबतो, गोळी हातात असताना. मूल मेलेलं दाखवू नका. मैदानात बसलेल्या कितीतरी बायकांचं मूल खरंच गेलेलं असतं, आणि भीतीनं माणूस शिकत नाही, तोंड फिरवतो.

खलनायकही नको. सिंगांगा म्हणजे पारंपरिक वैदू; त्याला लबाड दाखवण्याचा मोह प्रत्येक नव्या गटाला होतो. रात्री दोन वाजता दार उघडणारा गावात तो एकटाच असतो. आम्ही एका सिंगांगाला तालमीला बोलावलं. त्यानं स्वतःच सुचवलं, की मुलाला झटका आला तर मी काय करतो ते दाखवा, आणि तिथून लगेच दवाखान्यात कसं पाठवायचं तेही दाखवा.

सहावी पायरी: तालीम

नट गावातले किंवा जवळपासचे घ्या. आठ-दहा जण पुरे, निम्म्या मुली. मुलींच्या घरी आधी जाऊन बोला आणि तालीम अंधार पडायच्या आत संपवा. लिहायचं नाही, प्रसंग सांगायचा, उत्स्फूर्त करायचा, चांगली वाक्यं लक्षात ठेवायची. चार-पाच दिवसांत वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ बसतो.

गाणं आणि नाच गावाचाच. बायकांचं समूहगान सांगणाऱ्या-झेलणाऱ्या दोन बाजूंत चालतं. एक ओळ आरोग्याची घालायला त्या अर्धा तासही घेत नाहीत, कारण दवाखान्यात वजनाच्या दिवशी अशी गाणी त्या म्हणतच असतात. मात्र गुले वामकुलूच्या मुखवट्यांना हात लावू नका. चेवा लोकांचा हा न्याउ मंडळींचा विधिनाच, दीक्षा घेतलेल्यांचा; युनेस्कोच्या यादीत आहे म्हणून तो सर्वांसाठी खुला होत नाही. मंडळींनी आपण होऊन काही करायचं ठरवलं तर ती त्यांची इच्छा.

सामान गावातलं: चटई, बादली, सायकल. औषधाचं पाकीट दवाखान्यातून रिकामं आणा. खऱ्या गोळ्या वापरू नका, समोर मुलं बसलेली असतात. तापलेलं बाळ म्हणजे चितेंजेत गुंडाळलेलं गाठोडं. नटीनं नीट धरलं तर मैदान श्वास रोखून पाहतं.

तालमीचा शेवटचा दिवस एचएसएचा. सहा डोस तीन दिवसांत, दुसरा डोस पहिल्यानंतर आठ तासांनी, काहीतरी खाऊन. आणि ताप म्हणजे हिवतापच असं नाही, म्हणून आधी चाचणी. यातलं काही नटाच्या तोंडी चुकीचं आलं तर तिथंच दुरुस्त करा. चुकीची मात्रा एकदा गाण्यात बसली की निघत नाही.

सातवी पायरी: ब्वालोवरचा खेळ

ब्वालो म्हणजे गावची सभेची मोकळी जागा, बहुतेकदा मोठ्या झाडाखाली. शेताची कामं आटोपल्यावर, दुपारी तीनच्या सुमारास. ढोल अर्धा तास आधी सुरू करा, तेच निमंत्रण. प्रेक्षक गोल बसवा. सूर्य नटांच्या पाठीमागं येऊ देऊ नका, नाहीतर लोकांना चेहरे दिसत नाहीत. लहान मुलं पुढं, आया त्यांच्या जवळ, म्हातारे सावलीत. ध्वनिक्षेपक आणू नका. त्यामुळं बोलणं एका माणसाच्या हाती जातं आणि प्रेक्षक बोलायचे थांबतात.

पण सगळा जीव सूत्रधारावर. ही बाई किंवा हा माणूस स्थानिकच हवा, भाषेत तरबेज, आणि म्फुमुसमोर न बिचकणारा. गोळी हातात असताना खेळ थांबला की तो विचारतो, 'ही काय करते आहे? का करते आहे?' 'बरोबर की चूक' असं कधीच विचारायचं नाही. आधी लोकांना आईची बाजू बोलू द्या. आमच्या खेळात पहिलं वाक्य हमखास यायचं: 'माझ्याही गाठीत आहेत.' मग हशा, बायकांची न्थुंगुलुलुची किलकारी, आणि लाज गेली की माणसं मोकळी होतात.

मग, 'तिच्या जागी तुम्ही असता तर? या, करून दाखवा.' पहिला कोणी उठत नाही. दोन-तीन मिनिटांची ती शांतता नवख्या गटाला असह्य होते आणि तो भाषण सुरू करतो. करू नका. ढोलवाल्याला हलका ठेका धरायला सांगा. बाई उठायला लाजत असेल तर तिनं जागेवरून सांगावं आणि नटीनं तसं करावं. एक जण म्हणतो, दुकानातून गोळ्या आणा. दुसरी म्हणते, दोघांना अर्धी अर्धी द्या. कोणी म्हणतं शेजाऱ्याची सायकल मागा, कोणी मामाला बोलावतं. प्रत्येक मार्ग करून पाहायचा. समोरच्या नटानं लगेच मान डोलवायची नाही, आणि हट्टानं अडवायचंही नाही. खरा शेजारी सायकल देताना जितकी कुरकुर करील तितकीच करायची.

धोक्याचा उपाय आला, समजा अर्धी-अर्धी गोळी, तर सूत्रधार लोकांनाच विचारतो, 'मग काय होईल?' आणि त्यानंतर एचएसए दोन वाक्यांत सांगतो: अपुऱ्या औषधानं सगळे जंतू मरत नाहीत, ताप उलटतो, आणि धाकटीचा ताप कशाचा हे चाचणीशिवाय कळत नाही. दोन वाक्यं, त्याहून जास्त नाही.

म्फुमु किंवा एखादा पुढारी मध्येच उठून प्रवचन देऊ लागला तर त्याला अडवू नका. त्याचा मान राखून म्हणा, 'आता हेच करून दाखवायला कोणी येईल का?' एका गावात तो स्वतः मामाच्या भूमिकेत उतरला आणि सायकल देताना त्यानं अशी घासाघीस केली की त्याच्याच बहिणीनं त्याला भर मैदानात गप्प केलं.

आणि कधीतरी एक आवाज येतो: 'गोळ्या ठेवाव्या लागतात, कारण तुमच्या दवाखान्यात त्या नसतात.' हा आवाज दाबू नका. खेळाचं पाणी इथंच कळतं. अधिकाऱ्याची रिकामी खुर्ची मधे ठेवा, कोणाला तरी तिच्यात बसवा, आणि आरोग्य समितीनं त्याच्याकडं काय मागायचं, कोणत्या शब्दांत, याची तालीम तिथंच होऊ द्या. बोट्स्वानात जे राहून गेलं होतं, ते हेच.

एड्स, क्षयरोग अशा डाग लावणाऱ्या आजारांवर खेळ असेल तर रुग्ण कोण हे मैदानात विचारू नका, उघड होऊ देऊ नका. युगांडात १९८७ मध्ये स्थापन झालेल्या 'टासो' संस्थेच्या गटांत एचआयव्हीसह जगणारी माणसं स्वतः गाऊन, नाटक करून आपली गोष्ट सांगत. त्याचा परिणाम मोठा होता, पण तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, आणि मागं आधार देणारी संस्था होती.

आठवी पायरी: खेळानंतर

त्याच संध्याकाळी एचएसएनं झाडाखाली तासभर बसावं. जे चारशे माणसांत विचारता आलं नाही ते तिथं विचारलं जातं. एखादी बाई मारहाणीबद्दल किंवा मुलीवरच्या अत्याचाराबद्दल बोलली, तर कुठं न्यायचं हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. ती सोय नसेल तर असे विषय खेळात काढू नका.

दोन आठवड्यांनी परत जा आणि आरोग्य समितीसोबत बसा: मैदानात ठरलेल्यातलं काय झालं? मग तीन महिन्यांनी पुन्हा. किती लोक खेळाला आले हा आकडा अहवालात छान दिसतो, त्यातून कळत काही नाही. ताप आल्यावर चोवीस तासांत किती मुलं आणली गेली, हे एचएसएच्या नोंदवहीतून पाहा. तुलना मात्र मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. ऑक्टोबरचे आकडे जानेवारीशी लावले तर पाऊसच मोजला जाईल. आकड्यांसोबत माणसांनाही विचारा, गाठीत अजून गोळ्या आहेत का. ज्या घरांशी ओळख झालेली असते ती खरं सांगतात.

नववी पायरी: निघणं

पहिल्या गावातच ठरवा, की तिसऱ्या खेळापासून सूत्रधाराशेजारी तुम्ही उभे राहणार नाही, आणि पाचव्या खेळाला येणारच नाही. गटाकडं एक वही द्या. तिच्यात कोणत्या गावात काय विचारलं गेलं, कोणतं उत्तर एचएसएला नीट देता आलं नाही, ते लिहिलं जाऊ द्या. ढोल त्यांचाच आहे. सायकलच्या दुरुस्तीचा खर्च वर्षभर कोण देणार, हे निघण्यापूर्वी आरोग्य कार्यालयाकडून लेखी घ्या. गट बंद पडतात ते बहुतेकदा पंक्चर झालेल्या टायरपाशी.

दुसऱ्या हंगामात मी परत गेले तेव्हा आमच्या गटानं तिसरा प्रसंग बदललेला होता. आता गाठ सोडायला आई एकटी नव्हती. मागच्या वर्षी मैदानातून 'माझ्याही गाठीत आहेत' म्हणणारी बाई नटी म्हणून उभी होती, आणि खेळाच्या शेवटी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीत त्या दिवशी दवाखान्याचा खरा औषधभांडारप्रमुख येऊन बसला होता. बायकांनी त्याला चटईवरूनच प्रश्न विचारले. मी मागं, मुलांमध्ये बसून ऐकत होते.